किनारेकरांचं भांडण

३ जून २००६, शनिवार. वर्कशॉप ओमानातल्या या गाला नावाच्या औद्योगिक वस्तीतच, पण पुढच्या गल्लीत हलवायचं आहे, म्हणून सकाळपासून माझ्या केबिनमधलं लोखंडी कपाट रिकामं करते आहे. तळाच्या कप्प्यात बाल्टिक समुद्राचा एक नकाशा निघाला. घडीवर फाटलेला, ग्रीसने माखलेल्या अंगठ्यांचे ठसे उमटलेला. तो ज्यांचा, ते दोन वर्षांपूर्वी आपल्या गावी परत गेले. नकाशा फेकायच्या ढिगात टाकला, पुन्हा उचलला, आणि कपाट तसंच उघडं ठेवून लिहायला बसले.

इंजिन रागावल्याशिवाय सुरू होत नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला अख्ख्या ओमानात एकच माणूस होता आणि तो आमच्याकडे नोकरीला होता. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं आमच्याकडे दुरुस्तीला येतात; मी ऑफिस सांभाळते. सत्त्याण्णव साली हे साठीला टेकलेले गृहस्थ आले. ताडमाड उंच, भुवया पांढऱ्या, नाकाची सालं निघालेली. पाना हातात घेण्याआधी ते इंजिनासमोर उकिडवे बसत आणि आपल्या भाषेत त्याला चांगली पाच मिनिटं फैलावर घेत. ती भाषा रशियन नव्हती आणि लाटव्हियनही नव्हती. लाटव्हिया देशाच्या टोकाला, समुद्रकाठी, लिव्होनियन लोकांची काही खेडी आहेत. त्यातल्या एका खेड्यातले हे. ती भाषा घरात बोलत वाढलेली माणसं तेव्हा इतकी थोडी उरली होती, की हे त्यांची नावं बोटांवर मोजून दाखवत. हे लोक स्वतःला ‘किनाऱ्याची माणसं’ म्हणवतात असं कळल्यावर आमचे फोरमन, रत्नागिरीचे दाऊदभाई, यांनी त्यांचं बारसंच केलं. “वैनी, आपल्याकडे नाय गावावरनं आडनाव पडत? तसांच ह्यांचां. किनारेकर!”

किनारेकरांना हे इतकं आवडलं, की ते फोनवरही तेच नाव सांगू लागले.

त्यांच्या तऱ्हा अनेक. रोज सुटायच्या वेळी ते आवारातली वाळू दाताळ्याने विंचरत. लहानपणी त्यांच्या गावाला सोव्हिएत सैनिकांचा पहारा होता. कोणी समुद्रातून पळून जाऊ नये म्हणून सैनिक संध्याकाळी किनारा असाच विंचरून ठेवत आणि सकाळी पाऊल उमटलेलं दिसलं की गावभर चौकशी. “पण मग इथे कशाला विंचरता?” मी विचारलं. “मॅडम, उधर वो लोग देखता था. इधर मैं देखता,” असं वर्कशॉपात उचललेल्या हिंदीत म्हणून ते दुसऱ्या दिवशी माझ्या सँडलचे ठसे मला दाखवत. गुरुवारी ते डिझेलच्या धुतलेल्या पिंपात मासे टांगून त्यांना धूर देत. दाऊदभाई सीबच्या मासळीबाजारातून चांगली सुरमई आणत आणि तिची ती गत बघून कपाळाला हात लावत. “अहो, तिरफळ घालून कालवण केलां असतां! धुरात घालून वाटोळां केलांत तिचां!” पण एकदा धूर बघून अर्बाब, म्हणजे आमचे मालक, ओरडतच आत आले, एक तुकडा तोंडात टाकला, आणि तेव्हापासून गुरुवारी दुपारी त्यांना वर्कशॉपमध्ये हटकून काम निघू लागलं.

दर शनिवारी दहाला मात्र किनारेकर हात धुऊन माझ्या केबिनमध्ये येत. अर्बाबनी त्यांना गावी फोन करायला दहा मिनिटं दिली होती. गावी होती त्यांची आत्या, नव्वदीची, कानाने अधू. त्यामुळे दोघंही ओरडत आणि मला टायपिंग थांबवून बसावं लागे. विषय एकच. किनारेकरांच्या वडिलांची मासेमारीची होडी पहाऱ्याच्या काळात किनाऱ्यावरून उचलून झाडीत नेऊन टाकलेली होती. त्यांच्याकडे जुनी होडी उन्हाळ्यातल्या सणाच्या शेकोटीत मानाने जाळतात. आत्याचं म्हणणं, माझ्या भावाच्या होडीला पावसात कुजवू नकोस, जाळून टाक. ह्यांचं म्हणणं, मी येऊन नव्या फळ्या बसवीन. सात वर्षं दोघांतलं कोणी तसूभर हललं नाही. फोन ठेवला की ते लालबुंद चेहऱ्याने चहा घेत आणि दोन्ही बाजू मला हिंदीतून, आवाज बदलून, करून दाखवत. इतका खूश माणूस मी त्या गल्लीत दुसरा पाहिला नाही.

एका शनिवारी पलीकडून शेजारीण बोलली. लाटव्हियनमध्ये. किनारेकरांनी दोन मिनिटं ऐकलं, हळू आवाजात उत्तर दिलं आणि फोन ठेवला. आत्या मंगळवारीच गेली होती.

त्यानंतर त्यांनी काम चुकवलं नाही, पण आल्यावर इंजिनासमोर बसत आणि गप्प राहून नट फिरवत. चौथ्या दिवशी दाऊदभाई केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. “वैनी, मला भ्या वाटतां. मानूस शिव्या पन देत नाय.” मी चहा घेऊन गेले. मला सांत्वन करता येत नाही, म्हणून सरळ म्हटलं, “तुमच्या भाषेत बोलत जा ना एकटे. गाणी म्हणा.”

“मॅडम, गाना अकेला होता. प्रार्थना अकेला होता.” त्यांनी पाना पुसला. “झगडा अकेला नहीं होता. आत्या खलास, सामने से जवाब देने वाला खलास.”

घरी जाताना ते डोक्यातून जाईना. ऑफिसात माझं सगळं ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’. घरी माझ्या मुली इंग्रजीत उत्तरं देतात, त्यांच्याशी भांडायचं तर मधेच मराठी शब्दाचा अर्थ सांगावा लागतो आणि राग थंड होतो. मी तरी शेवटची पोटभर कधी भांडले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स टेबलावर ठेवून मी तडक आवारात गेले, किनारेकरांसमोर उभी राहिले आणि पदर खोचून शुद्ध मराठीत सुरुवात केली. “लाज नाही वाटत? ज्या होडीने तुम्हाला लहानाचं मोठं केलं तिला झाडीत कुजवताय? फळ्या बसवणार म्हणे! सात वर्षांत एक खिळा तरी पाठवलात? आत्या बिचारी सांगून सांगून गेली. जाळा ती होडी!”

होडी हा शब्द सात वर्षांत त्यांना माझ्याकडून कळला होता. बाकी सगळं त्यांना माझ्या कमरेवरच्या हातांवरून कळलं असावं. त्यांनी पाना खाली ठेवला. उठून उभे राहिले. आणि मग त्यांच्या भाषेतून जे सुरू झालं, ते शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर येईपर्यंत चाललं. मी मधे मधे मराठीत सणसणीत उत्तर देत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज चढत होता.

दाऊदभाई धावत आले. “वैनी, वैनी! काय झालां?”

“भांडतोय आम्ही,” मी म्हटलं. “तुम्ही मधे पडू नका.”