सायराकुलच्या चांगल्या बातम्या

खाण बंद पडल्यापासून आमच्या इमारतीच्या जिन्यात चांगलं असं काही बोललंच जात नसे. कोण रशियाला गेलं, कुणाचा पोरगा तिकडून मार खाऊन आला, कुठला नळ गोठून फुटला. बुर्माकान खालच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "अजून इथंच तुम्ही?"

सायराकुलएजे माझ्या समोरच्या दारात राहायची. सगळा जिना तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. तिच्या नवऱ्याने, तोक्तोसुनने, उभं तारुण्य खाणीत काढलं आणि छातीत धूळ भरून घेतली. आता तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. जेवण नको, औषध नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोटात काही गेलं तर वसंत ऋतूपर्यंत तगतील. एजेला तेवढंच हवं होतं.

आमच्यात चांगली बातमी आणणारा आधी "सुयुंचू" म्हणतो. ऐकणाऱ्याने काहीतरी बक्षीस द्यायचं, मग बातमी. मूल झालं, सैन्यातून पोरगा परतला, अशा वेळचा तो शब्द. एजेने तो कशालाही लावला. दारातूनच म्हणायची, "अहो, सुयुंचू." तो न वळता उशीखालून साखरेचा खडा काढून हात मागे करायचा. मग कळायचं, नळाला पाणी आलंय, किंवा पिठाची गाडी घाट चढून आलीय. ऐकायला तो कूस बदलायचा, आणि तेवढ्यात ती चार चमचे शोरपो, म्हणजे मटणाचं पातळ सूप, त्याच्या पोटात घालायची.

"आज काय, सूर्य उगवला म्हणून सुयुंचू?" बुर्माकान विचारायची.

"उगवला की. तू पाहिला नाहीस?"

वर आल्यावर मात्र एजे माझ्या स्वयंपाकघरात मटकन बसायची. एकदा म्हणाली, सगळं गाव पालथं घातलं, एक धड गोष्ट सापडली नाही. मी म्हटलं, सांग काहीतरी रचून. तिने मान हलवली. खोटं त्याला चटकन कळतं, म्हणाली. त्या दिवशी तिने त्याला सांगितलं की जिन्यात आज कुणी वाईट बोललं नाही.

"बुर्माकान मेली की काय?" तो म्हणाला, आणि अर्धा वाडगा प्यायला.

थंडी सरत आली होती. मी चाळणी परत करायला गेले, तेव्हा एजे नुकतीच बाहेरून आली होती. हात रिकामे, चेहराही. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला. तोंड आमच्याकडे होतं.

"म्हातारे, सुयुंचू."

एजे जागीच थांबली. मग डोक्यावरची लोकरी शाल काढून तिने त्याच्या पायांवर घातली.

"सांगा."

"आज छातीत दुखत नाही. जराही नाही."

तिचे वडीलही खाणीतलेच, तेही तिच्याच हातावर गेले होते. धुळीने भरलेली छाती कधी दुखायची थांबते, ते आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

"छान झालं," ती म्हणाली आणि वाडगा भरून आणला. त्याने हसून मान हलवली. नको. ती चमचा धरून बसून राहिली. त्याचे डोळे मिटले, श्वास चालू होता.

शोरपो गार झाल्यावर ती उठली, पातेल्यात परत ओतला आणि पुन्हा गरम करायला ठेवला.