सुईपुरता लक्षात राहिलेला तास

"आधी हसून घ्या, मग विचारा," असं म्हणून बाई खडू टेबलावर ठेवत आणि खिडकीबाहेर बघत राहत. वर्ग हसून दमला की वळत. एड्सचा तास त्यांनी असाच घेतला. हा आजार काय, ते तेव्हा आमच्या ताडकळस गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. बाईंनाही अर्धंच ठाऊक असावं.

आम्ही दुसऱ्याची मेंढरं राखायचो, दुसऱ्याच्या रानात निंदायचो. नववीत मला स्थळ आलं. मुलगा ट्रक चालवायचा. आमच्यात पोरीला गोंदल्याशिवाय सासरी धाडत नसत. आईनं बाजारात मला गोंदणारणीपुढं बसवलं. तिची सुई एकीच्या हातातून निघून, पदराला पुसून, दुसरीच्या हातात शिरत होती. मी हात मागं घेतला.

"बाईनं सांगितलंय, एका सुईनं गोंदू नये."

"तुपली बाई येणार हाय का तुला नांदवायला?"

दुसऱ्या दिवशी आई शाळेत भांडायला गेली. बाई म्हणाल्या, "गोंदा की. फक्त सुई नवी घ्या."

"आन् रंग? वाटी तर एकच हाय."

बाई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. परभणीच्या दवाखान्यात विचारून येते. तोवर थांबा." तुम्हीच सांगा, आईबापासमोर कोणता मास्तर असं बोलेल?

आईनं आपला गोंदलेला हात पुढं केला. "मला काय झालं मग?"

बाईंनीही बाही वर सारली. त्यांचा हातही गोंदणानं हिरवा. "माझंही मला सांगता येत नाही."

वाटेत आई म्हणाली, "येडी हाय बाई. पर खोटं बोलत न्हाई." आणि तिनं गोंदणं लांबवलं.

बाईंना डॉक्टर भेटेपर्यंत मुलाकडच्या पाहुण्यांचा निरोप आला: अडून बसणारी पोरगी नको. मग बाई उत्तर घेऊन आल्या, रंगही वेगळा घ्यावा. "आता काय उपेग?" आई म्हणाली. बाप म्हणाला, "जाऊ दे साळंत. घरी बसून काय करायलीय?"

पुढं बाईंची बदली झाली. कुठं गेल्या, कळलं नाही.

तो मुलगा काही वर्षांनी वारला. त्याच आजारानं, असं त्याच्या भावानंच सांगितलं. मागोमाग बायकोही गेली. हा आजार नवऱ्याकडून बायकोला होतो, हेही बाईंनी सांगितलं होतं, पण लाजेनं मान खाली घातलेल्या माझ्या डोक्यात सुईच तेवढी राहिली होती. मग मी वाचले ती बाईंच्या तासामुळं, की पाहुण्यांच्या रागामुळं? शाळेतल्या अशा तासांचा पुढं उपयोग होतो का, असं लोक विचारतात तेव्हा मला अजून नीट उत्तर देता येत नाही.

आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी.