मार हाक

"मार हाक," एवढं म्हणून ती आमच्याकडे पाठ करायची आणि चिंचेखाली जाऊन उभी राहायची.

तिरोड्याच्या बस स्टँडमागे आमच्या आरोग्य प्रकल्पाची एक भाड्याची खोली होती. मी तिथली समुपदेशक. दर शनिवारी तिथे अशी माणसं जमायची, ज्यांच्याविषयी गाव एकतर कुजबुजतं, नाहीतर खिदळतं. तुमच्याही गल्लीत असतील. तुम्ही त्यांना काय म्हणता ते मी विचारत नाही. वरून येणारे नवे नवे शब्द या माणसांपर्यंत पोचवणं हा माझ्या कामाचा एक भाग होता. मी फळ्यावर शब्द लिहायची, अर्थ सांगायची, की त्यांच्यातली ही मासोळ्या विकणारी उठायची. पदर खोचून चिंचेपर्यंत जायची, रस्त्याकडे तोंड करायची. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो शब्द तिला हाक म्हणून मारायचा. मान आपोआप वळली तर शब्द पास. बहुतेक शब्द नापास व्हायचे.

पहिला शब्द आला एमएसएम. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. रोगाच्या कामासाठी कोणीतरी दूर बसून केलेला शब्द. आम्ही एका सुरात ओरडलो. ती ढिम्म. परत येऊन म्हणाली, "हे तं बिमारीचं नाव वाटते, बाई. याच्यानं बिमारी वळन. मी काऊन वळू?"

तृतीयपंथी म्हटल्यावर ती अर्धी वळली आणि तशीच थांबली. "तिसरी काऊन? पहिला कोण अन् दुसरा कोण? लाइन कोणं लावली?" प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारला असता तर जेवणाच्या सुट्टीनंतर पाहू, असं म्हणाले असते.

मग आपली ओळख आपणच ठरवायची, असा कोर्टाचा निकाल आला आणि त्याच्या मागोमाग ट्रान्सजेंडर आला. त्या शब्दाला ती वळली. चांगली हसत वळली. पण आमच्यातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचा चेहरा उतरला. तिशीचा हा गृहस्थ, गोंदियात वाढलेला, बोलणं हिंदी. पुरुष असण्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, जीव मात्र पुरुषावरच जडायचा. "अम्मा, इसमें मैं कहाँ हूँ?" त्यानं विचारलं. देवरीहून येणाऱ्या दोन बायकांनीही एकमेकींकडे पाहिलं. मोहफुलं वेचून, एका चुलीवर त्यांनी आपला संसार मांडला होता. हिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि शब्द तिथल्या तिथे परत केला. "माह्यापुरता चांगला हाय. पण साऱ्याले पुरला पायजे ना. चाल, दुसरा आन."

एलजीबीटीक्यू प्लस ऐकून म्हणाली, "हे तं ट्रकचा नंबर होय." आणि क्विअरबद्दल तर मी फार उत्साहानं सांगितलं होतं, की ही मुळात शिवी, ज्यांना दिली त्यांनीच ती उचलून अंगावर घातली. तिनं नीट ऐकून घेतलं. "कोणत्या गावची गोष्ट होय?" "परदेशातली." "मनूनच. आमच्या गावातल्यानं शिवी अजून तोंडातून टाकलीच नाही. उचलू कायले?"

आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कधी कधी आम्ही हाक मारायच्या आधीच ती वळायची. आमच्याकडे नाही. डाव्या हाताला, पडक्या भिंतीकडे. "कोण होय?" असं सरळ विचारायची. तिथे कोणी नसायचं. "मारली ना हाक! तुम्हाले नाही आली?" म्हणायची आणि पदर सावरून आत येऊन चहा मागायची. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. पुढेही तो येतच राहिला, त्याची सवय अशी झाली नाही.

ती बोदलकसा तळ्याजवळच्या गावची. मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची. अंगानं रुंद, हनुवटीवर दाढीची सावली, गळ्यात काळी पोत, आणि आवाज असा की तळ्याच्या या काठावर बोलावं आणि त्या काठावरच्या म्हशीनं मान वर करावी. या आवाजामुळेच तिला आणखी एक काम मिळालं होतं.

आमच्या भागात काही घरांत मेलेल्या माणसाला घरी बोलावून आणतात. दिवस झाले की घरची मंडळी संध्याकाळी तळ्यावर जातात, पाण्याकडे तोंड करून गेलेल्याला नावानं हाक मारतात, तांब्यात पाणी भरतात आणि मागे न पाहता परततात. तो माणूस जिथे पाठ टेकायचा तिथे तांदळाचं पीठ पसरतात, दार लावून घेतात आणि सकाळी उघडतात. पिठात काही उमटलेलं दिसलं की माणूस घरी आला. हाकेचा सूर लावून द्यायला लोक हिला न्यायचे. ती आधी नुसतं लांबच लांब "ये" काढायची. नाव मात्र घरच्यानंच घ्यायचं, अशी रीत. दिवसभर तिच्या मागे टाळ्या पिटत जाणारी पोरं त्या संध्याकाळी तिच्या मागून हात जोडून चालायची. तिला त्याचं काही वाटत नसे. मला फार राग यायचा.

आमच्या शनिवारी येणारी कामठ्याची एक पोरगी नागपुरात अपघातात गेली. घरच्यांच्या लेखी तो मुलगा. तिनं स्वतःचं नाव चांदणी ठेवलं होतं. घरच्यांनी रीतीप्रमाणे बोलावून आणलं, मुलाच्या नावानं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हिला निरोप आला, लवकर या. मी सोबत गेले.

खाटेजवळच्या पिठात पावलं होती. माणसाची, लहानशी, बोटं मोजता यावीत इतकी स्पष्ट. सगळी खाटेपासून निघून दाराकडे गेलेली. आत येणारं एकही नव्हतं.

"आला ना माहा पोरगा?" आईनं विचारलं.

ही उकिडवी बसून एकेक पाऊल दारापर्यंत पाहत गेली. मग म्हणाली, "तुम्ही ज्याले बोलावलं तो इथं कधी नव्हताच, माय. जे होती ते निघून गेली."

"मंग आता?"

"तिच्या नावानं मारा हाक. चांदणी मना."

आईचे ओठ हलले. "चां..." एवढं बाहेरही पडलं. पण दारात बाप उभा होता. "ते नाव या घरात नाही," तो म्हणाला. चिडून नव्हे, अगदी शांतपणे. आईनं झाडू घेतला आणि खाली मान घालून पीठ गोळा करू लागली. मला तिथे एक क्षणही थांबवेना.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मावशी, आता ती कुठे जाईल?"

"पाण्याच्या काठी बसन. लय जण हायेत तसे. कोणाले चुकीच्या नावानं बोलावलं, कोणाले बोलावलंच नाही. वाट पाहून राहिले." भाजीचा भाव सांगावा तशी ती हे सांगत होती. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अन् मले कोण बोलावन, बाई? भाऊ हाय. पण तो आपल्या भावाले बोलावन. तो येऊन बसला त्या घरात, तं मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, "आम्ही बोलावू ना."

"बोलावजा. पण साऱ्यांनी एका तोंडानं. चार तोंडांनी चार नावं घेतली तं गेलेल्याले उमजत नाही."

तेव्हा मला कळलं, की चिंचेखाली चालायचा तो खेळ नव्हताच. मेल्यावरही ऐकू येईल आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसेल, असा एक शब्द ती शोधत होती. मी मात्र फळ्यावर नवनवे शब्द लिहून स्वतःवर खूश होते.

दिवाळीनंतर, गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरत होत्या त्या दिवसांत, ती तापानं गेली. आम्ही पोचलो तोवर भावानं सगळी तयारी केली होती. तिचे केस कापले होते. अंगात पांढरा सदरा घातला होता. गळ्यात पोत नव्हती. मी भावाला नाही नाही ते बोलले. तो वाईट माणूस नव्हता, तोही रडतच होता. "माहा भाऊ होय तो, मॅडम. माहा भाऊ होय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दिवस झाल्यावर त्यानं तळ्यावर जाऊन तिचं जुनं नाव घेतलं. सूर लावून द्यायला कोणी नव्हतं. आम्ही लांब उभे होतो. आवाज पाण्यावर गेला आणि काहीच झालं नाही. वारा नव्हता, पाणी नव्हतं हलत. सकाळी त्याच्या घरचं पीठ पसरलं होतं तसंच होतं, त्यावर मुंगीसुद्धा चालली नव्हती. तो बाहेर आला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "नाही आला. तुमच्यानं होत असन तं पाहा."

त्याच संध्याकाळी आम्ही चौघं काठावर गेलो. मी, मोबाइलवाला आणि देवरीच्या दोघी. शनिवारी दुपारी ती आमच्या खोलीत चटई टाकून पडायची. त्या चटईभोवती पीठ पसरून ठेवलं होतं. पण हाक काय मारायची? चांदणीसारखं स्वतःचं नाव तिनं कधी ठेवलंच नव्हतं. मी मावशी म्हणायची, तो अम्मा, त्या दोघी दीदी. आम्ही तिन्ही हाका एकदम मारून पाहिल्या. शब्द एकमेकांत असे गुंतले, की आमचं आम्हालाच काही कळेना. एका तोंडानं, असं तिनं सांगितलं होतं. मी फळ्यावरचे सगळे शब्द मनात घोळवले. एकही त्या पाण्यावर टाकावासा वाटला नाही. मोबाइलवाल्यानं एक पुटपुटून पाहिला आणि स्वतःच लाजला.

शेवटी दोघींतली थोरली म्हणाली, "नवीन कोणी आला तं आपण काय पुसतो? आपल्यातलं माणूस होय का, असंच ना? तेच मना."

खरंच की. हा शब्द आम्ही सगळेच रोज वापरत होतो. तो कोणी वरून पाठवला नव्हता, मी तो फळ्यावर कधी लिहिला नव्हता, तिनंही कधी चिंचेखाली उभं राहून तपासला नव्हता. आम्ही पाण्याकडे तोंड केलं आणि एका तोंडानं हाक मारली, "आपल्यातलं माणूस, घरी चाल!"

समोरच्या काठावरचे बगळे उठले. मग त्यांच्या पलीकडचे उठले, मग त्यांच्याही पलीकडचे. तळ्याच्या कडेकडेनं असे ते एकामागून एक उठत गेले. कोणी ओरडला नाही, नुसते पंख वाजत होते. आम्ही तांब्यात पाणी भरलं आणि निघालो. मागे ओल्या चिखलात पावलं वाजायला लागली. "अम्मा है," मोबाइलवाला हळूच म्हणाला आणि रडायला लागला. मला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. मागे कोणी पाहिलं नाही.

आलेल्या माणसाला सकाळी पहिलं ताट वाढायचं असतं. उजाडताच देवरीच्या दोघींनी खोलीबाहेर विटा मांडून चूल पेटवली आणि भाताचं पातेलं चढवलं. मी कुलूप काढलं.

तिचा पाय मी लगेच ओळखला. रुंद, अंगठा बाहेर वळलेला, चटईच्या अगदी जवळ. पण त्याच्या शेजारी दुसरा होता. त्याच्यापुढे आणखी. लहान, मोठे, टाचा फुटलेले, नाजूक, म्हातारे. भिंतीपर्यंत, कोपऱ्यापर्यंत, फळ्याखालपर्यंत, एकाला एक लागून. सगळे आत आलेले. बाहेर गेलेला एकही नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं, आम्ही काय करून बसलो होतो. आम्ही तिला एकटीला बोलावलंच नव्हतं. पाण्याच्या काठी जे जे वाट पाहत बसले होते, त्या सगळ्यांना ती हाक लागली होती.

मोबाइलवाला उंबऱ्यावरच थिजला होता. थोरली माझ्या खांद्यावरून आत डोकावली. तिनं ते पीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग चुलीकडे वळून आपल्या जोडीदारणीला म्हणाली, "एवढा भात पुरत नाही वो. अजून तांदूळ धू."