कुरुळीच्या खोलीत बसून गेलेले साहेब

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात, पण कुरुळीची ती मिसिंगची, माणूस हरवल्याची केस अजून तशीच्या तशी आठवते. भुताखेतांच्या गप्पा मला आवडत नाहीत. यात कुणाला तसलं काही दिसलं तर खुशाल दिसू द्या, मी घडलं तसं सांगतो.

आमचे वरिष्ठ निरीक्षक नुकतेच गेले होते. निवृत्ती तोंडावर आली असताना झोपेतच हृदय बंद पडलं. मी नवखा उपनिरीक्षक म्हणून आलो तेव्हापासून त्यांनीच मला हाताला धरून काम शिकवलं. माणूस हरवल्याची तक्रार आली की ते आधी त्याच्या खोलीवर जायचे. बूट दाराबाहेर काढायचे, दार लोटायचे आणि आत एकटेच गप्प बसून राहायचे. आम्ही मागे चेष्टा करायचो, की साहेब खोलीचा जबाब घेतायत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "अरे, माणूस नसला की खोली जास्त बोलते. तू जरा तोंड मिटून बसून तर बघ."

संत तुकाराम नगरमध्ये त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसाला आदरांजली वाहायचा कार्यक्रम झाला. बंदोबस्तावरचे सोडले तर सगळं ठाणं दुपारभर तिथंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात येतो तर बाकावर जालन्याकडची एक बाई. नवरा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, कुरुळीत एका पार्टनरबरोबर खोली करून राहणारा. चार दिवस फोन बंद. आमचा अंमलदार तिला समजावत होता, गेला असेल मित्राकडं, येईल.

"ते परमनंट व्हायचेत साहेब," ती म्हणाली. "अशात कुठं जातील? नुसतं लिहून घेऊ नका, उठा."

मिसिंग दाखल केली. दुपारच्या आत खबरही आली. कंपनीच्या गेटवरचा चहावाला आमचा जुना खबरी. त्यानं फोनवर सांगितलं, "त्याची गाडी त्याचाच पार्टनर फिरवतोय, भाऊ. दोघांतला एकच परमनंट होणार होता. त्यावरून लई वाजलं होतं त्यांचं."

मी कुरुळीला गेलो. खोलीच्या दारात सवयीनं बूट काढायला वाकलो, तर घरमालकीण म्हणाली, "तुमच्यात समदेच असं करत्यात व्हय?"

"असं म्हणजे?"

"काल दुपारी तुमचं ते म्हातारं साहेब आलं व्हतं. बूट हितंच काढलं अन् आत जाऊन बसलं. पाणी देऊ का इचारलं, तर मान हालवली."

काल तक्रारच नव्हती. काल आमच्यातलं कुणी इकडं फिरकलंही नव्हतं.  कुणी वॉचमन असेल, कुणी नातेवाईक असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि आत जाऊन बसलो. खरं सांगतो, त्या खोलीत मी एकटा आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही. समोर पार्टनरचे बूट होते. त्यांच्या तळाला चिकटलेलं हिरवं शेवाळ. एप्रिलच्या उन्हात कुरुळीत शेवाळ कुठून येणार? त्याला कंपनीतूनच उचलला.

चौकशीच्या खोलीत त्याला समोर बसवलं. मी पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात तोच बोलला.

"तुमच्या साहेबांना सगळं माहितीय. मग मला कशाला विचारता?"

"कोणत्या साहेबांना?"

"काल खोलीत बसले होते ते. मी आत गेलो, तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, अजून किती वेळ पाण्यात ठेवणार त्याला?"

लिहून घेणाऱ्या हवालदाराचा हात थांबला. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

मग सगळं बाहेर पडलं. बंद पडलेल्या एका वर्कशॉपात दोघांची झोंबाझोंबी झाली. याने ढकललं, तो जमिनीतल्या, काठाला शेवाळ धरलेल्या पाण्याच्या टाकीत पडला. याने झाकण ओढलं. "परमनंटची मेडिकल तपासणी होऊन जाऊ दे, मग काढू म्हटलं," तो रडत म्हणाला. "नंतर झाकण उघडायचीच भीती वाटायला लागली, राव."

झाकण काढलं तेव्हा आत नुसता अंधार आणि कुजका वास. आम्ही हाका मारल्या, उत्तर नाही. आमच्याबरोबर आलेली त्याची बायको आम्हाला बाजूला सारून पुढं झाली आणि फक्त "अहो" म्हणाली. खालून भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. गुडघाभर पाण्यात, पाय मोडलेला, पण माणूस जिवंत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरमालकीण जबाब द्यायला ठाण्यात आली. सगळं झाल्यावर हवालदारानं हळूच विचारलं, "त्या साहेबांचं वर्णन घ्यायचं का?" माझ्या मोबाइलमध्ये साहेबांचा फोटो होता. समोर धरायचा आणि विचारायचं, हेच का ते? एवढंच काम.

पोलिसानं संशय अर्धवट सोडू नये, हे त्यांनीच मला शिकवलं. पण काही प्रश्नांची उत्तरं तपासाला लागत नसतात, आपल्यालाच सोसणार नसतात, हे मला या केसनं शिकवलं. मी म्हणालो, "नको. सही घे आणि जाऊ दे त्यांना." ती "न्हाई" म्हणाली असती, तर साहेब माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेले असते.