एकदा विल्फ्रेड, एकदा मयुरेश

रव्याचा आणि बेसनाचा लाडू समोर आला, की मी दोन्ही अर्धे-अर्धे खातो. उगाच कुठल्या लाडवाला वाईट वाटायला नको. पन्नाशी उलटली, बहारीनमध्ये डोक्यावरचे केस गेले, पण एकाला निवडायची हिंमत काही आली नाही. बायको, लीना, म्हणते, "तुम्हाला ठरवता येत नाही आणि त्याला तुम्ही समतोल म्हणता."

असा हा मी, सदानंद, अमेरिकन फुटबॉलच्या हौशी संघाचा कप्तान झालो. या खेळात एक तर बॉल घेऊन पळायचं, नाही तर पुढे पळालेल्या गड्याकडे तो फेकायचा. आमच्यात पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. फेकणारा मी, कारण माझे गुडघे दुखतात आणि त्या जागी बरंच उभं राहायला मिळतं. पळणारा विल्फ्रेड, इथल्या जुफैर भागातल्या एका हॉटेलात काम करणारा वसईकर. झेलणारा मयुरेश, पुण्याचा तरुण इंजिनिअर. पळण्याचा आणि फेकण्याचा समतोल हवा, असं कुठंतरी वाचलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. जन्मभर दुसरं काय केलं होतं मी? एकदा विल्फ्रेड, एकदा मयुरेश. कुणी रुसायला नको.

परवाच्या शुक्रवारची मॅच विल्फ्रेडची शेवटची. व्हिसा रद्द करून तो कायमचा वसईला निघाला होता. बॉल घेऊन शेवटची रेघ ओलांडणं, म्हणजे टचडाऊन, त्याला इतक्या वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

"सदा, एकदाच रे," तो म्हणाला. "मग खलास. मॅगीला सांगायला काहीतरी हवं ना." मॅगी म्हणजे त्याची वसईत राहणारी बायको.

"इंशाल्ला," मी म्हणालो. शब्द द्यायचा नसला की मी इंशाल्ला म्हणतो.

बुसैतीनच्या मैदानावर समोर हमद टाउनचा संघ होता. त्यांचा ताहिर माझ्या प्रत्येक चालीआधी ओरडायचा, "अब भागेगा!" पुढच्या वेळी, "अब फेंकेगा!" दर वेळी बरोबर. हा माणूस चेहरा वाचतो, असं वाटून मी गॉगल चढवला. तरी बरोबर. मग टोपी नाकापर्यंत ओढली.

शेवटची चाल उरली तेव्हा लीना पाणी घेऊन आली. "अहो, तोंड कसलं झाकताय? एकदा हा, एकदा तो. तिकडे बसलेल्या बायकांनाही पाठ झालंय."

पाळी मयुरेशची होती. मला दरदरून घाम फुटला. सगळ्यांना जवळ बोलावून मी डोळे मिटून म्हणालो, "विल्फ्रेड पळेल. पुन्हा."

"पण काका, पाळी माझी आहे," मयुरेश म्हणाला.

"माहितेय रे."

तो वळून जागेवर गेला. संपलं, हा आता संघ सोडणार, असं माझ्या मनात आलं.

"अब फेंकेगा!" ताहिर गरजला. बॉल माझ्या हातात येतो न येतो, तोच मयुरेश दोन्ही हात वर करून कोपऱ्याकडे सुटला. "काका, मला! मला!" रुसला! ऐकतच नाही! ताहिरसकट सगळे त्याच्यामागे धावले. मी घाबरून बॉल विल्फ्रेडच्या पोटात कोंबला. त्याच्यापुढे मैदान मोकळं होतं. धापा टाकत, हाफपँट सावरत तो पळाला, रेघेपलीकडे गुडघ्यांवर बसला आणि बॉल छातीशी धरून रडला. मीही रडलो. मॅच आम्ही हरलोच, पण ते विचारतो कोण?

मग मी मयुरेशची समजूत घालायला गेलो. "रागावू नकोस रे. पुढच्या वेळी लागोपाठ दोनदा तुलाच."

"राग कसला?" तो हसला. "मी बोंबललो नसतो तर सगळे विल्फ्रेड अंकलवर गेले असते ना."

लोक रुसतील म्हणून मी जन्मभर जीव मुठीत धरून वागलो. कुणी खरंच रुसतं का, हे एकदाही बघितलं नव्हतं.

घरी जाताना लीनानं विचारलं, "बिर्याणी घ्यायची की शवर्मा?"

"शवर्मा," मी म्हणालो.

तिनं गाडी बाजूला घेतली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.