भात्याचा श्वास

बाबांचा चांगला चालता भाता मी सुधारायला गेलो आणि त्यात माझ्या आईचे डोळे गेले.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी थोडी गंमतही करणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने मला शहाणा समजून हसू नये, गाढव समजून हसावं.

आमचं घर कल्याणात, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. पुढे लोहारकामाची पडवी, मागे चूल, मध्ये कुडाची भिंत. दोन्हीकडचा धूर त्या भिंतीला कधीच जुमानत नसे. गिऱ्हाईक म्हणजे बैलगाडीवाले. काही टिटवाळ्याकडून भात आणि लाकूड घेऊन यायचे, काही कोपरकडच्या मिठागरांवरून मीठ ओढणारे. त्यांच्या चाकांना लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचा गोल पट्टा, चढवणं हाच आमचा मुख्य धंदा. मीठ लोखंडाला खातं, म्हणून मिठागरवाल्यांच्या गाड्या फिरून फिरून दारात येत. त्या दिसल्या की बाबा हात जोडून खाडीच्या दिशेने नमस्कार करीत.

बाबा घण मारीत आणि आई दोराने भाता ओढी. धावेची दोन टोकं एकजीव करायची तर लोखंड पांढरं व्हावं लागतं. लाकडी कोळशावर ते पांढरं होईतो आईचा दम निघे. संध्याकाळी ती चुलीपुढे बसली की तिच्या छातीतूनही भात्यासारखाच आवाज येई. त्यात आमच्या घराण्याचा एक नियम होता. जेवायला उठायचं झालं तरी भात्याची नळी भट्टीतून ओढून मागे घ्यायची. ‘भात्याला विस्तवाच्या ताटात जेवायला बसवू नये,’ असं आजोबा म्हणत. भाता चांगला जड, आणि तो मागे ओढायची आईच.

मी एकदा बाबांना विचारलं, “नळी काढायची कशाला?”

“कशाला म्हणजे? माझ्या बापाने सांगितलं म्हणून.”

“त्यांना कोणी सांगितलं?”

“त्यांच्या बापाने. तू असं कर, वर जाऊन विचारून ये आणि मला कळव.”

मी तेव्हा स्टेशनाजवळच्या शेडमध्ये इंजिनांची राख उपसायला जात होतो. राख उपसणाऱ्याला इंजिनाची जी बाजू दिसते, त्याच बाजूने मी इंजिनविद्या शिकलो. खाली एक लोखंडी दार असे. ते उघडलं की वारा आत शिरायचा आणि वरचा जाळ गुरगुरायला लागायचा. मी ठरवून टाकलं की ताकद म्हणजे दुसरं काही नाही, मोठा श्वास. आमच्या भात्याला श्वास घ्यायला खालच्या फळीत एक भोक आणि त्यावर चामड्याची झडप. भोक केवढं, तर वाटीएवढं. एवढ्याशा नाकाने बिचारा भाता काय ओढणार! दोष आईच्या छातीचा नव्हे, भात्याच्या नाकाचा आहे, हे मला उमगलं. उमगलं म्हणताना आता जीभ चावावी लागते.

बाबा लोखंड आणायला ठाण्याला गेले, तेव्हा मी भाता अंगणात उलटा घातला.

आई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. “बाबांना विचारलंस?”

“विचारलं तर नको म्हणतील.”

“म्हणून विचारलं नाहीस?”

“आये, तुझ्यासाठीच करतोय ना हे!”

सूप पुन्हा हलू लागलं. या वाक्यापुढे आई गप्प होते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि मी ते काही पहिल्यांदा वापरत नव्हतो.

मी भोक ताटाएवढं केलं. तेवढं चामडं घरात नव्हतं, म्हणून घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून झडप केली. वारा फटीतून वाया जाऊ नये म्हणून नळी भट्टीच्या तोंडात घट्ट बसवली आणि चारी बाजूंनी मातीने लिंपून टाकली. आईला आता भाता मागे ओढायला नको! शिवाय रुळांच्या कडेला सांडलेला दगडी कोळसाही पोत्यात भरून आणला. इंजिनाचा श्वास द्यायचा तर इंजिनाचं खाणंही नको का?

दुसऱ्या दिवशी बाबा परतले आणि पाठोपाठ कोपरचा एक गाडीवाला चाक घेऊन आला. आईने दोर ओढला आणि पत्रा खडखडला. भट्टीने असा हंबरडा फोडला की त्याचे बैल उठून उभे राहिले.

“काय रं, भाता हाय का हत्ती बांधलाय?” गाडीवाला म्हणाला.

लोखंड बघता बघता पांढरं झालं. बाबा नळीपाशी वाकले. “ही लिंपलीस? मग काढायची कशी?”

“काढायचीच नाही, बाबा. आयेचा तेवढा त्रास वाचला.”

बाबांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा त्या पांढऱ्या लोखंडाकडे. मग आईकडे पाहिलं. ती दोर धरून उभी होती आणि खरोखरच धापा टाकत नव्हती. बाबांनी घण उचलला. ते बोलले असते तर, असं मी पुढे पुष्कळदा मनात आणून पाहिलं. पण त्या विचारात अर्धा दोष त्यांच्यावर ढकलता येतो, म्हणूनच तो मला गोड लागतो.

धावेचं एक टोक ठोकून तयार झालं आणि जेवायची वेळ झाली. भट्टीवर कोळसा लोटून आम्ही आत गेलो. गाडीवाल्यालाही आईने भाकरी वाढली. मी जेवताना इंजिनावर व्याख्यान दिलं.

दगडी कोळसा धुमसत राहिला की त्याचा कच्चा धूर वाट मिळेल तिकडे शिरतो, आणि तो धूर पेट घेतो. हे मला फार पुढे समजलं. आमच्या भट्टीत त्याला वाट मीच करून, लिंपून दिली होती. आम्ही भाकरी खात होतो तेवढ्या वेळात भात्याचं पोट त्याने भरलं. मागे उष्णतेने पत्र्याची झडपही वाकून अडकली.

आई आमच्या आधी उठली. तिने दोर ओढला. झडप उघडली नाही, म्हणून भात्याने श्वास घेतला तो समोरच्या विस्तवातून.

तोफ उडावी तसा आवाज झाला. आम्ही बाहेर धावलो. भात्याचं चामडं तिच्या बाजूने फाटलं होतं आणि ती दोर हातात घट्ट धरून जमिनीवर बसली होती. ओरडत नव्हती. “दिवा लाव रे कोणी,” एवढंच म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं.

गाडीवाल्याने धाव नसलेलं नुसतं लाकडी चाक तसंच गाडीला घातलं आणि आईला स्टेशनावर नेलं. दगडधोंड्यांवर ते चाक चिरत गेलं. त्या चाकाबद्दल तो पुढे कधी एक शब्द बोलला नाही. ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पट्टी बांधली, काही दिवसांनी सोडली आणि विचारलं, काय दिसतं? आई म्हणाली, उजेड दिसतो. आम्ही तेवढ्यावर नवस बोललो. पावसाळा संपेपर्यंत तोही दिसेनासा झाला.

बाबांनी मला मारलं नाही. मारतील म्हणून मी कितीतरी दिवस त्यांच्या हाताच्या टप्प्यात बसत होतो. त्यांनी पत्रा खाडीत टाकला, भात्याला नवं चामडं लावलं, भोक पुन्हा वाटीएवढं केलं आणि दोर माझ्या हातात दिला. शेडमधलं काम सुटलं. आईचा त्रास वाचवायचा होता, तो असा वाचला.

आई कुडापलीकडे बसून बोटांनी चाचपून तांदळातले खडे काढी. दुपारी भट्टीचा आवाज थांबला की तिचा हात थांबायचा आणि पलीकडून विचारणा व्हायची, “नळी काढलीस?”

“काढली, आये.”

“हात लावून बघ.”

मी हात लावून बघत असे.

पुढे माझ्या लग्नाची बोलणी निघाली. टिटवाळ्याकडचे एक लोहार आपली मुलगी सांगायला आले. बाबांनी माझ्या कष्टाचं कौतुक केलं. मी खाली मान घालून, जितका साळसूद दिसता येईल तितका दिसत बसलो. पाहुणे भले गृहस्थ. त्यांनी आईकडे वळून विचारलं, “विहीणबाई, तुम्ही आई. तुम्ही सांगा, मुलगा कसा आहे?”

आईने पदर सारखा केला.

“कामाला बैल आहे. दारू नाही, शिवी नाही. पण ‘मला एक सुचलंय’ असं हा म्हणाला, की मुलीला सांगा, आधी घराबाहेर पळ.”