पिंजऱ्याची कडी

सुनंदाबाईंनी सावद्याला तीस वर्षं अंगणवाडी चालवली. कमी वजनाचं मूल जन्मलं की त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बजावायच्या, याला दुपट्यात गुंडाळून बाजूला ठेवू नका, छातीशी धरा, अंगाची ऊब लागू द्या. निवृत्त झाल्यावर त्या जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडे, हितेंद्रकडे आल्या आणि नऊ वर्षांच्या नातीची, भूमिकाची आजी होणं एवढंच काम उरलं.

भूमिकाचा पाळलेला हॅमस्टर होता, उंदराएवढा मखाणा. दुकानातून आणलेला वीतभर तारेचा पिंजरा, त्यात तारेचंच चाक. मखाणा रात्रभर ते फिरवायचा. डिसेंबरात एकदा ती खरखर असह्य होऊन सुनंदाबाईंनी पिंजरा मागच्या ओट्यावर नेऊन ठेवला. सकाळी पाहिलं तर मखाणा लाकडासारखा ताठ, गार. भूमिका उठायच्या आत त्यांनी त्याला रुमालात गुंडाळून कढीपत्त्याखाली पुरलं, पिंजरा आत आणला आणि त्याचं दार उघडं टाकलं. पळाला, असं सांगितलं. मेल्यापेक्षा पळालेला बरा, असं त्यांना वाटलं होतं.

पण आदल्या संध्याकाळी कडी भूमिकाने लावली होती. जीव सांभाळता येत नाही तर मागतेस कशाला, म्हणून हितेंद्र तिला रागावला. सुनंदाबाई तेव्हा कणीक मळत होत्या, मळत राहिल्या. त्या दिवसापासून पोरगी झोपण्याआधी घरातली प्रत्येक कडी हात लावून बघायला लागली. गॅसचं बटण, नळ, दप्तराची चेनसुद्धा.

दोन महिन्यांनी हितेंद्रनेच दुसरा आणायचं काढलं. भूमिका म्हणाली, नको, माझ्याकडून पळेल. तिची समजूत काढायला आजीलाही दुकानात नेलं. दुकानदार ललितने तारेचे पिंजरे दाखवलेच नाहीत. दोन हात लांब पारदर्शक टब, झाकणाला बारीक जाळी, उकरायला वीतभर भुसा, पाय अडकू नये म्हणून भरीव चाक. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ठेवू नका, थंडीत बाहेर ठेवू नका, असं सांगता सांगता तो म्हणाला, "गारठ्यानं कधी कधी ताठ पडतात, अक्का. लोक मेला समजून टाकून देतात. तळहातात धरून ऊब दिली तर बरेचदा उठतो."

सुनंदाबाईंनी काउंटर घट्ट धरलं.

घरी भूमिकाने भुसा पसरला, चाक बसवलं, नव्या पाहुण्याला आत सोडलं. झाकणाला चार खटके होते. तिने ते लावले, उघडले, पुन्हा लावले. मग कपड्यांचे चिमटे आणून कडेकडेने लावायला लागली. अकरावा चिमटा तिने हातात घेतला तेव्हा सुनंदाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या.

"भूमे, कडी तू नीट लावली होतीस. मखाणा पळाला नाही. मी त्याला बाहेर ठेवलं, थंडीत. सकाळी ताठ झाला होता."

भूमिका चिमट्याची उघडझाप करत राहिली.

"हातात धरलं होतंस त्याला?"

"नाही."

मला ठाऊक नव्हतं, तू रडशील म्हणून खोटं बोलले, असं बरंच त्यांना म्हणायचं होतं.

"पप्पांना सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग," भूमिका म्हणाली. "ते मला रागावले होते."

हितेंद्र अंगणात गाडी पुसत होता. सुनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याला हाक मारायला दाराकडे गेल्या.